नावानिशी दवंडी

कोतवाल काकांनी मला पहिल्या दिवशी नमस्कार केला नाही. तलाठी म्हणून त्या गावात रुजू व्हायला गेले होते, होळी नुकतीच झालेली, ऑफिसच्या पायरीवर पाय ठेवला नि आतून आवाज आला, "पाणी पेलं का?"

मी म्हटलं, "मी नवीन तलाठी."

"ते दिसून राह्यलं. पाणी पेलं का?"

मला ऑर्डर दाखवायची होती, खुर्चीवर बसायचं होतं, हाताखालच्या माणसावर पहिल्याच दिवशी जरा वचक बसवायचा होता. त्याऐवजी मी उभ्यानं दोन पेले पाणी प्याले, आणि मगच त्यांनी माझी खुर्ची पुसली. पुढं तीन उन्हाळे हा प्रश्न मी रोज ऐकला. साहेब तपासणीला आले तरी हाच, कोणी वारसाची नोंद करायला आलं तरी हाच. एकदा त्यांचं चहावाल्याशी कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात, आणि काका मध्येच थांबून विचारतात, "अबे, तू सकाळपासून पाणी पेला का?" समोरच्यानं आता काय करावं? भांडण तिथंच संपलं.

ज्यांनी कोतवाल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. महसूल खात्यात तलाठ्याच्याही खाली जो माणूस असतो तो कोतवाल. नोटिसा वाटायच्या, मोजणीला टेपचं टोक धरायचं, साहेबांची गाडी आली की धावायचं, आणि गावात दवंडी द्यायची. दवंडीचं डफडं तर कधीच गेलं, आता ग्रामपंचायतीच्या गच्चीवर भोंगा आहे नि खाली खोलीत माईक. पण आमच्या काकांनी डफडं सोडलं नव्हतं. माईकसमोर बसून आधी तीन ठोके द्यायचे, ढम, ढम, ढम, मग घसा साफ करायचा, मग बोलायचं. मी एकदा म्हटलं, "काका, भोंगा अख्ख्या गावाला ऐकू जातो, डफड्याची काय गरज?" तर म्हणाले, "भोंग्यावर तं भजन बी लागते, भाजीवाला बी वरडते. हे वाजलं म्हंजे सरकार बोलून राह्यलं."

गाव आष्टीच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावरचं. चहूकडे संत्र्याच्या बागा, थोडा कापूस, थोडी तूर, आणि जंगलाच्या कडेला गोंड लोकांचा टोला, म्हणजे वस्ती. उन्हाळा आम्हाला काही नवा नाही. मी वर्ध्याचीच, उन्हातच वाढले. पण आता तो लवकर येतो, उशिरा जातो आणि माणसाला मधे श्वास घेऊ देत नाही. म्हणून वरून कागद येऊ लागले. गावागावाचा उष्माघात आराखडा करा, इशारा आला की दवंडी द्या, फोटो पाठवा. फोटो पाठवणं माझ्याकडं, बाकी सगळं काकांकडं.

काकांचा मोबाईलमधल्या तापमानावर विश्वास नव्हता. ते सकाळी दहा वाजता शाळेजवळच्या हापशीपाशी जायचे आणि लोखंडी दांड्यावर हात ठेवायचे. हात ठेवून मनातल्या मनात काहीतरी मोजायचे. दहापर्यंत हात टिकला तर चालते. पाचपर्यंत टिकला तर म्हाताऱ्यांनी घरात. टेकवताच उचलला तर त्या दिवशी ते चहाच्या टपरीवर जाऊन गॅस बंद करायचे. कायद्यानं त्यांना तसा काही अधिकार नव्हता. चहावाला चिडायचा, शिव्या द्यायचा, आणि दुपारी त्याच गॅसवर पन्ह्यासाठी कैऱ्या उकडायचा. मी माझ्या मोबाईलवरचं तापमान त्यांच्या दांड्याशी ताडून पाहायचे. सांगायला लाज वाटते, पण दांडा मोबाईलच्या आधी कळवायचा.

आता ती संत्र्याची गोष्ट. सांगू नये खरं, कारण चूक माझी होती. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी मला व्हॉट्सॲपवर मेसेज आला, जिल्ह्याचा नकाशा नि त्याखाली 'ऑरेंज अलर्ट'. मी तो जसाच्या तसा काकांना पाठवला, खाली लिहिलं, दवंडी द्या. काकांचा एक नियम होता, गावाला इंग्रजी ऐकवायची नाही. ते म्हणायचे, आपली दवंडी ऐकून मानसानं कोनाले अर्थ पुसावा, हे बरं नाई. त्यांनी निष्ठेनं भाषांतर केलं. ढम, ढम, ढम. "ऐका होऽ ऐका! तालुक्यातून खबर आली हाये, उद्या आपल्या गावात संत्र्याचा अलर्ट हाये! साऱ्यायनं ध्यानात ठेवा होऽ!"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला पोचले तर दारात ही गर्दी. झाडून सगळे बागवाले. आंबिया बहाराची फळं उन्हानं गळत होती, सगळे आधीच धास्तावलेले. एकानं गळलेल्या फळांची टोपली आणलेली, एकानं पिवळी पडलेली फांदी. एकजण सारखा विचारत होता, "म्याडम, फारम कुठं भराचा?" दुसरा त्याला कोपऱ्यात घेऊन सांगत होता, झाडं कमी सांग, काही भलतंच असन. मला समजावून सांगायला तास लागला. आणि मजा पाहा, उन्हात बाहेर पडू नका हे सांगायला म्हणून जो इशारा आला, त्याच्यापायी अर्धं गाव भर उन्हात माझ्या ऑफिससमोर उभं.

मी काकांवर भडकले. "काका, ऑरेंज म्हणजे रंग! नारंगी रंग!"

"रंगाचा अलर्ट?"

"हो!"

"उन्हाले कोनता रंग राह्यते म्याडम?"

त्या दिवसापासून काकांनी रंग बंद केले.

असाच एक घोळ शीतगृहाचा. आराखड्यात होतं की म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी एक थंड खोली करा. ग्रामपंचायतीनं समाजमंदिराची खोली घेतली, दोन कूलर बसवले, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले, माठ ठेवले. चांगलं काम झालं होतं. कागदावर कुठल्या शहाण्यानं लिहिलं होतं कोण जाणे, पण पाटी रंगवून आली, 'शीतगृह'. आठ दिवस तिथं चिटपाखरू फिरकलं नाही. मी एका आजोबांना हाताला धरून आणू लागले तर ते हात सोडवून म्हणाले, "मेल्यावर ठेवजा ना माय. जित्तेपनी कायले?"

काकांनी ती पाटी उलटी करून खोलीतल्याच टेबलाला फळी म्हणून ठोकली. मग भोंग्यावरून सांगितलं की देवीच्या नवरात्रासाठी वाती पाहिजेत, कापूस समाजमंदिरात आहे, ज्या बायांना चांगल्या वाती वळता येतात त्यांनीच यावं, बाकीच्यांनी येऊ नये. नवरात्राला अजून पाच महिने होते! बाराच्या आत वीस म्हाताऱ्या हजर. 'बाकीच्यांनी येऊ नये' ऐकल्यावर कोण घरी राहणार? पुरुषांसाठी त्यांनी ग्रामपंचायतीच्या जुन्या खुर्च्या विणायला काढल्या. मला म्हणाले, "म्हातारे मानसं आरामाले येत नाई म्याडम. कामाले येते." आराखडा लिहिणाऱ्यांना हे एक वाक्य सुचलं असतं तर किती कागद वाचला असता.

पण काकांची खरी कला दवंडीतच. रंग बंद केल्यावर त्यांनी दवंडी आपल्या पद्धतीनं बांधली. गावात उन्हाचा धोका असलेली अडतीस माणसं होती, म्हातारी, एकटी राहणारी, दम्याची, साखरेची. ती सगळी त्यांना तोंडपाठ. यादी लिहून ठेवा म्हटलं तर ऐकायचे नाहीत. सकाळी साडेआठला सुरू व्हायचे.

ढम, ढम, ढम. "ऐका होऽ! आज दांड्याले हात लावू देत नाई. पांडुरंगची माय, धसकटं वेचाले गेली असशीन तं अकराच्या आत घरी येजो. हरिभाऊ, तुमी काल सांगून बी बागेत गेलते. आज गेले तं मी तुमच्या नागपूरच्या पोरीले फोन लावन. टोल्यावरचे म्हातारबा, काठी ठेवा अन् बाजीवर पडा. सुभद्राबाई, पाणी पेल्या का? खोटं नोका बोलू, मले इथून दिसते."

त्यांना तिथून काही दिसत नसे. त्या खोलीला खिडकीच नव्हती. पण सुभद्राबाई उठून पाणी प्यायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि शेतात असलेला हरिभाऊंचा मुलगा, भोंग्यावर बापाचं नाव निघालं म्हटल्यावर मान खाली घालून बागेत यायचा आणि बापाला घरी घेऊन जायचा. मोबाईलवर आलेला मेसेज पुसता येतो. भोंग्यावर आलेलं नाव पुसता येत नाही. सगळ्या गल्लीनं ते ऐकलेलं असतं, आणि मग सगळी गल्ली त्या दाराकडं लक्ष ठेवते.

अडतीस नावं, अडतीस टोमणे. रोज नवे. गाव हसायचं. मीही हसायचे. दोन उन्हाळे असे गेले आणि आमच्या गावात ऊन लागून कोणी दगावलं नाही. श्रेय मी आराखड्याला दिलं, कारण अहवालात रकाना तोच होता.

तिसऱ्या उन्हाळ्यात घोळ झाला. गावात दुमजली घर एकच, आणि त्या घरचे लोक एका लग्नाला बाहेरगावी गेले होते. घरात फक्त त्यांच्या आजीबाई, नव्वदीच्या. लाईट गेली. काकांनी भोंगा लावला, तो बॅटरीवर चालायचा, आणि सांगितलं, "दुमजली घरातल्या आजी एकल्या हाये, कूलर बंद हाये, माठ बी रिकामा असन. घरचे लोक लग्नात जेवून राह्यले. शेजाऱ्यायनं जाऊन पाहा." शेजारी गेले. माठ खरंच रिकामा होता.

पण त्या 'लग्नात जेवून राह्यले'चा निरोप लग्नाच्या मांडवात पोचला, आणि चार लोकांत त्यांची मान खाली गेली. लेखी तक्रार झाली, घरातली खाजगी बाब जाहीर करून कुटुंबाची बदनामी केली म्हणून. तक्रार वर गेली नि वरून फिरून माझ्याकडं आली, योग्य ती कार्यवाही करावी.

मी कार्यवाही केली. दुसरं काही करू शकले असते का? असते. काकांची बाजू लिहून पाठवू शकले असते. पण नोकरी दोनच वर्षांची, तक्रार मोठ्या घरची, आणि खरं सांगायचं तर मी घाबरले. मी काकांना पत्र काढलं. यापुढे दवंडीत कार्यालयाकडून मिळालेला मजकूरच वाचावा, कोणत्याही व्यक्तीचे नाव घेऊ नये. सोबत मजकूर जोडला. 'नागरिकांनी दुपारी बारा ते चार या वेळेत आवश्यकता नसल्यास घराबाहेर पडू नये.'

काकांनी पत्र उभ्यानं वाचलं. वाचायला त्यांना वेळ लागायचा, ओठ हलवत वाचायचे. मला वाटलं आता बोलतील, भांडतील. ते माझ्या टेबलापाशी आले, मजकुराचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि पहिल्या शब्दावर बोट टेकवलं.

"हा एक शब्द काढून द्या म्याडम. बाकी सारं वाचतो. कानामात्रा सोडत नाई."

"नागरिकांनी? त्यात काय आहे?"

ते बसले. माझ्यासमोर खुर्चीवर ते कधी बसायचे नाहीत, त्या दिवशी बसले.

"तुमी आल्या त्याच्या आंधीच्या उन्हाळ्यातली गोठ. तवा मी असंच वाचू. छापील, जसंच्या तसं. माही बायको घरी शिदोरी बांधून राह्यली होती, धसकटं वेचाले जाची होती. शेजारची म्हने, आयकलं का वं, तुया घरचे काय म्हनून राह्यले? जाऊ नोको आज. तं बायको म्हने, ते नागरिकाईले सांगून राह्यले. आपुन कुठचे नागरिक?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तिले वाटे, नागरिक म्हंजे शहरातले. आष्टीचे, वर्ध्याचे. नगरात राह्यते ते नागरिक. तिचं काय चुकलं, सांगा? गेली. दुपारून तिले बाजीवर टाकून आनलं. जीव गेलता." त्यांनी कागदावरचं बोट काढून घेतलं. "माहा आवाज वळखला ना तिनं. पन तिले वाटलं, मी दुसऱ्याले सांगून राह्यलो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे खरं. आणि मी तो शब्द काढला नाही, हेही खरं. मजकूर वरून आला आहे काका, मला त्यात बदल करता येत नाही, असं काहीतरी मी पुटपुटले. ते 'हाव' म्हणाले, सही केली आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. ते निवृत्त व्हायला तेव्हा एकच महिना राहिला होता.

दुसऱ्या दिवसापासून भोंग्यावर मजकूर येऊ लागला. ढम, ढम, ढम. 'नागरिकांनी.' काका तो शब्द म्हणायचे आणि थोडे थांबायचे, मग बाकीचं एका दमात संपवायचे. गावाला वाटलं काका आजारी आहेत. हरिभाऊ बागेत जाऊ लागले. वाती वळायला येणाऱ्या बायका निम्म्या झाल्या. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं.

काकांनी पत्राचा शब्दही मोडला नाही. पत्रात भोंग्यावर नाव घेऊ नये असं होतं, दारात जाऊन घेऊ नये असं नव्हतं. मजकूर वाचून झाला की डोक्याला ओला दुपट्टा बांधून ते निघायचे. अडतीस दारं. टोला वेगळा, गावापासून चांगला लांब. सकाळी निघाले की एक-दीड वाजायचा. मी म्हटलं, "काका, तुमचं वय काय, ऊन काय!" तर म्हणाले, "भोंग्यावर पाच मिनिटाचं काम होतं म्याडम. आता पायानं करतो." मला टोचून बोलले नाहीत. टोचून बोलले असते तर बरं झालं असतं.

पाचव्या की सहाव्या दिवशी ते पडले. आणि पडले कुठं, तर त्या दुमजली घराच्या ओट्यावर. आजीबाईंना 'पाणी पेल्या का' विचारलं आणि तिथंच खाली बसले ते बसलेच. आजीबाईंनी अख्खा माठ त्यांच्या अंगावर ओतला, ताट घेतलं आणि पळीनं बडवत सुटल्या. नव्वदीची बाई! गल्ली गोळा झाली. जीपमधून दवाखान्यात नेलं. सलाईनवर सलाईन लागली. रात्रभर मी तिथं बाकावर बसून होते आणि मला स्वतःचा जितका राग आला तितका आयुष्यात कोणाचा आला नसेल. ती तक्रार करणारी मंडळीही आली होती. कोणी तक्रारीचा विषय काढला नाही, घरून डबा मात्र दोन्ही वेळचा आला.

काका वाचले. डॉक्टरांनी सांगितलं, हा उन्हाळा संपेपर्यंत ऊन बंद, अगदी बंद. अमरावतीला दिलेली मुलगी येऊन चार दिवस राहिली आणि गेली, तिलाही तिचा संसार होता. काका घरी बाजीवर.

आणि लगेच पुन्हा इशारा आला, या खेपेला लाल. मी सकाळी सातला काकांच्या घरी गेले, वही घेऊन.

"काका, नावं सांगा."

"कायले?"

"मी घेते भोंग्यावर."

"अन् तुमचा तो कागद?"

"मीच काढला होता, मीच बाजूला ठेवते. कोणी विचारलं तर उत्तर मी देईन. नावं सांगा."

त्यांनी डोळे मिटले आणि हापशीपासून सुरुवात करून गल्लीगल्लीनं नावं सांगितली, शेवटी टोल्यावरची. कोणाला दमा, कोणाची सून तापट, कोण ऐकू येत नाही असं सोंग करतं, सगळं. अडतीस झाल्यावर डोळे उघडले आणि म्हणाले, "झाले."

डफडं मला वाजवता येत नाही. मी तीन वेळा बडवलं, आवाज असा आला की बाहेरचं कुत्रं भुंकलं. आणि माईकवर तोंडातून निघालं काय, तर "सुभद्राबाई, आपण कृपया घरातच थांबावे." समोरच्या टपरीवर हास्याचा स्फोट झाला, तो मला आत ऐकू आला. कान लाल झाले. मग म्हटलं, जाऊ दे. घरी आईशी बोलतो तसं बोलू. "सुभद्राबाई, दार लावा आन् पाणी प्या. हरिभाऊ, बागेकडं जाताना दिसलात तर मी स्वतः येईन आणि तलाठीणबाईनं हाताला धरून आणलं म्हणून गावभर होईल." टपरीवर पुन्हा हसले, पण या वेळी ते हसू वेगळं होतं. पांडुरंगच्या आईला मी 'येजो' म्हटलं. जन्मात पहिल्यांदा म्हटलं, चांगलं वाटलं.

दुपारी एकच्या सुमाराला दारात सावली पडली. टोल्यावरची मथुराबाई. पंचाहत्तरीची गोंड म्हातारी, डोक्यावर पदर, हातात काठी, चेहरा तापून लाल झालेला. टोल्यापासून भर उन्हात चालत आली होती.

"काऊन वं बाई," ती दारातूनच म्हणाली, "माह्यावर राग हाये का तुहा?"

"काय झालं मावशी? आणि या उन्हात?"

"साऱ्यायचं नाव घेतलं. माहं काऊन नाई घेतलं?"

मी वही उघडली. नाव होतं. वाचताना माझ्याच्यानं ओळ सुटली होती. "चुकलं मावशी, राहून गेलं. पण म्हणून इतक्या उन्हात यायचं?"

"तू नाव नाई घेतलं तं मले कसं समजन का घरात राहा म्हनून?"

मी तिला आत ओढलं, कूलरसमोर माझ्याच खुर्चीवर बसवलं, मीठसाखरेचं पाणी पाजलं, ओला रुमाल डोक्यावर ठेवला. चार वाजेपर्यंत ती तिथं बसून होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती की बाईनं माहं नाव इसरलं.

ऊन कललं तशी मी तिला गाडीवर घालून टोल्यावर सोडलं आणि येताना काकांकडं गेले. ते बाजीवर उठून बसले होते. भोंग्याचा आवाज तिथपर्यंत स्वच्छ जायचा, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आवाज बरा हाये," ते म्हणाले. "जरासा शाळेतल्या बाईवानी हाये, पन बरा हाये. एक नाव राह्यलं."

"मथुराबाई. येऊन भांडून गेल्या."

काका हसले, खोकला येईपर्यंत हसले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "अन् दुसरं?"

मी वही काढली, एकेक ओळ बोटानं मोजली. "दुसरं कुठलं? तुम्ही अडतीसच सांगितली होती. मथुराबाई सोडून सगळी घेतली."

"हाव. मी तं अडतीसच सांगतली." ते बाजेची दोरी चाचपत राहिले. "दिवसभर आयकत बसलो होतो म्याडम. म्हटलं, घ्यान."

मला समजायला एक क्षण लागला. मग मी वहीत मान खाली घातली, कारण वर पाहायची सोय नव्हती. त्यांचं नाव मला हजेरीपटावर पाठ होतं. तीन उन्हाळ्यांत तोंडानं एकदाही घेतलं नव्हतं, कधी काका, कधी अहो कोतवाल. यादीत सगळ्यात वर, समासात जागा करून, मी ते पूर्ण लिहिलं.

दुसऱ्या दिवशी भोंग्यावर पहिलं नाव त्यांचं घेतलं. म्हटलं, घरातच राहा, दार उघडून बाहेर डोकावलात तरी मला इथून दिसतं. आणि ते राहिले घरात.